राजदूतपद सुटल्यावर

माजी राजदूत म्हटलं की आठवणींचं पुस्तक, व्याख्यानं आणि एखाद्या कंपनीचं संचालकपद आलंच. हेन्री मॉर्गेंथाऊ (थोरले) यांनीही पुस्तक लिहिलं, १९१८ मध्ये. ते युद्धप्रचाराच्या दिवसांत लिहिलं गेलं, म्हणून जरा जपूनच वाचावं. मला मात्र त्यांची पुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात.

न्यूयॉर्कचा हा श्रीमंत वकील १९१३ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेला. उणीपुरी सव्वादोन वर्षं नोकरी! पण त्यातच १९१५ उजाडलं. आर्मेनियनांच्या कत्तलींची पत्रं खार्पुत, अलेप्पोच्या वकिलातींतून येऊ लागली. १६ जुलैला त्यांनी वॉशिंग्टनला तार केली, की एक अख्खी जमात संपवण्याची मोहीम चालू आहे. तलात पाशांनी तर मेलेल्या आर्मेनियनांच्या अमेरिकन विमा पॉलिसींची यादी मागितली, म्हणे वारस उरले नाहीत तेव्हा पैसे सरकारचे! (हे मॉर्गेंथाऊंच्याच पुस्तकात आहे.)

अमेरिका तेव्हा तटस्थ. तारेने कत्तल काही थांबली नाही. पण त्यांच्याच आग्रहातून न्यूयॉर्कला मदत समिती उभी राहिली, तीच पुढे 'निअर ईस्ट रिलीफ' झाली. १९१६ मध्ये ते परतले आणि वर्गणी गोळा करायला लागले. पैसा कसा काढायचा हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. विल्सनच्या निवडणुकीचा निधी त्यांनीच जमवला होता ना!

१९२३ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, राष्ट्रसंघाने त्यांना ग्रीसला निर्वासित पुनर्वसन आयोगाचं अध्यक्ष म्हणून पाठवलं. लोझानच्या कराराने लोकसंख्येची अदलाबदल ठरलेली, आणि पन्नासेक लाखांच्या देशात बारा लाखांवर माणसं येऊन पडलेली. अथेन्सच्या नाट्यगृहात एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब राहत होतं. (आपल्याकडे १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत सिंधी कुटुंबं राहिली, त्याचंच उल्हासनगर झालं.)

इथेही त्यांनी आधी पैशाचंच पाहिलं. बँक ऑफ इंग्लंडकडून दहा लाख पौंडांची उचल मिळवली. मग जमीन, बैल, बियाणं, घरं. भीक नको, रोजगार हवा, हा आयोगाचा नियमच होता. मॅसिडोनियात निर्वासितांची गावंच्या गावं वसली.

वर्षभरात ते परतले. १९४६ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. त्याआधी दोनच वर्षं, १९४४ मध्ये, त्यांच्या मुलाने, अर्थमंत्री धाकट्या हेन्रीने, रूझवेल्टकडे धरणं धरून ज्यूंच्या सुटकेसाठी युद्धनिर्वासित मंडळ स्थापन करायला लावलं होतं.