नईममधला ग्रेंडायझर

मनामाच्या नईम भागातून बोलतोय, आणि आजचा विषय आहे एक यंत्रमानव. घाबरू नका, कोड लिहिणारा नाही. त्यांच्याशी दिवसभर ऑफिसात गाठ असतेच, निदान रेडिओवर तरी नको. हा पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, जपानी आहे, डोक्यावर शिंगं आहेत, आणि नाव ग्रेंडायझर. बहरैनमध्ये, कुवेतमध्ये, सौदीत राहणाऱ्यांनी हे नाव कधी ना कधी ऐकलं असेल. नसेल, तर ऑफिसातल्या पन्नाशीच्या कुठल्याही अरब सहकाऱ्यापुढे सहज उच्चारून बघा.

मला ते कळलं गेल्या रमझानमध्ये. इफ्तारनंतर आमच्या घरमालकांनी चहाला बोलावलं होतं. पंचावन्नच्या आसपासचा, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला भारदस्त माणूस. त्यांचे आजोबा 'कल्लाफ' होते, म्हणजे लाकडी जहाजं बांधणारे. एकेकाळी नईम त्याच कारागिरांसाठी ओळखलं जायचं आणि जहाजांचं सागवान यायचं आपल्या मलबारहून. आता भराव टाकून टाकून समुद्रच लांब गेलाय. माझी तेरा वर्षांची मुलगी अ‍ॅनिमेचं चित्र असलेला टी-शर्ट घालून बसली होती. त्यांनी विचारलं, "ग्रेंडायझर बघतेस का?" तिने मान हलवली, माहीत नाही म्हणून. तर हे गृहस्थ चहाचा पेला खाली ठेवून उभे राहिले आणि अख्खी मजलिस दणाणेल अशा आवाजात गरजले, "ग्रेंडायझर, इन्तलिक!" इन्तलिक म्हणजे 'नीघ', 'झेप घे'. सुना हसायला लागल्या. म्हाताऱ्याला पुन्हा चढलं, असा एकूण भाव.

मग मी घरी येऊन शोधाशोध केली. त्यातलं तुम्हाला सांगतो.

गो नागाई हे जपानी चित्रकथाकार. जन्म १९४५ चा. चित्रकथेला जपानीत मंगा म्हणतात हे आपल्या पोरांमुळे आता आपल्यालाही ठाऊक आहे. नागाईंच्या आधीही मंगात राक्षसी यंत्रमानव होते. मित्सुतेरु योकोयामा यांनी १९५६ साली 'तेत्सुजिन २८' सुरू केली. योकोयामा कोबे शहरातले, लहानपणी बॉम्बहल्ल्यांत गाव बेचिराख झालेलं पाहिलेले. त्यांचा यंत्रमानव मुलाच्या हातातल्या रिमोटवर चालायचा. रिमोट ज्याच्या हाती, यंत्रमानव त्याचा, मग तो सज्जन असो वा चोर. नागाईंनी एक साधा बदल केला. ते रहदारीत अडकले होते, आणि त्यांच्या मनात आलं की आपल्या गाडीला हातपाय फुटले आणि ती पुढच्या गाड्या ओलांडून चालू लागली तर? किंग फैसल हायवेवर संध्याकाळी पाच वाजता अडकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यातून १९७२ साली 'माझिंगर झेड' आला: आत बसून चालवायचा यंत्रमानव. मंगा आणि टीव्हीवरची मालिका दोन महिन्यांच्या अंतराने सुरू झाल्या. त्यापाठोपाठ त्याची धातूची खेळणी आली आणि तडाखेबंद खपली. एमबीएच्या वर्गात आम्हाला ब्रँड वाढवण्याचे धडे अमेरिकन शीतपेयांवरून शिकवले. हे उदाहरण घेतलं असतं तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो.

माझिंगरचा तिसरा अवतार म्हणजे ग्रेंडायझर. ५ ऑक्टोबर १९७५ ते २७ फेब्रुवारी १९७७, फुजी टीव्हीवर ७४ भाग. तोएई या स्टुडिओने ते बनवले. नागाईंनी सोबत मंगा काढली, गोसाकु ओता यांनीही वेगळी मंगा काढली. जपानात मालिका चालली, पण तिथे माझिंगरचा मान मोठा. ग्रेंडायझरचं नशीब उजळलं ते परदेशात. १९७८ मध्ये फ्रान्समध्ये तो 'गोल्डोराक' झाला, इटलीतही त्याच वर्षी पोचला, आणि १९७९ च्या सुमारास लेबनॉनमध्ये त्याला अरबी आवाज मिळाला.

आता गोष्ट ऐका, कारण खरी मेख तिथे आहे. ड्यूक फ्लीड हा फ्लीड नावाच्या ग्रहाचा राजपुत्र. वेगाच्या फौजा त्याचा ग्रह उद्ध्वस्त करतात. तो ग्रेंडायझर घेऊन निसटतो आणि पृथ्वीवर, जपानात येऊन पडतो. तिथले एक शास्त्रज्ञ त्याला मुलगा मानतात. तो दाइसुके हे नाव घेतो, शेजारच्या गुरांच्या फार्मवर कामाला लागतो, गवत उचलतो, घोडे राखतो. आपण कोण, कुठले, हे तो कुणाला सांगत नाही. वेगाची फौज पृथ्वीवरही येते तेव्हा नाइलाजाने पुन्हा यंत्रात चढतो. म्हणजे आपलं गाव जळालेला आणि दुसऱ्याच्या गावासाठी लढणारा नायक. पुढे त्याला हरवलेली बहीण मारिया भेटते, तीही याच परक्या ग्रहावर.

हे अरबीत कुठे झालं? लेबनॉनमध्ये, १९७५ ते १९९० असं पंधरा वर्षं यादवी युद्ध चाललेल्या देशात. दाइसुकेला आवाज दिला जिहाद अल-अत्रश या अभिनेत्याने. शीर्षकगीत गायलं सामी क्लार्कने, जो २०२२ मध्ये वारला. बाहेर युद्ध चालू असताना 'माझा ग्रह जळाला' हे वाक्य बोलणाऱ्याच्या घशात काय होत असेल, याची मी फक्त कल्पना करू शकतो. आमच्या घरमालकांना त्या वयात लेबनॉनचं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच आठवतं, की दाइसुके दुःखी असायचा आणि तरी नीट बोलायचा.

'नीट बोलायचा' हे त्यांचे शब्द, आणि ते फार नेमके आहेत. डबिंग केलं होतं फुस्हात, म्हणजे प्रमाण अरबीत. घरात कुणी फुस्हा बोलत नाही. बहरैनी बोली वेगळी, लेबनॉनची वेगळी, मोरोक्कोची तर इथल्यांना डोक्यावरून जाते. पण फुस्हा शाळेत असते, बातम्यांत असते. एकदा फुस्हात डबिंग केलं की मोरोक्कोपासून मस्कतपर्यंत विकता येतं, असा साधा हिशोब त्यामागे होता. त्याच सुमारास आखाती देशांनी मिळून कुवेतमध्ये कार्यक्रमनिर्मितीची संस्था काढली होती, आणि १९७९ मध्ये तिने मुलांसाठी 'इफ्तह या सिमसिम' आणलं, तेही फुस्हातच. हिशोब धंद्याचा होता, पण त्यातून एका अख्ख्या पिढीच्या कानावर अशी भाषा पडली जी एरवी मास्तर आणि मौलवी यांच्याच तोंडी असायची. आता ती एका उडत्या यंत्रमानवाच्या तोंडी आली.

आणि ती आली कशी, तेही बघा. फ्रेंचांनी सगळ्यांची नावं बदलली, दाइसुकेचा आक्तारुस केला. अरबीत नावं जपानीच राहिली: दाइस्की, कोजी, हिकारू. भाषांतर केलं ते शस्त्रांचं. ग्रेंडायझरच्या खांद्यांवरची दोन पाती सुटतात, जोडली जातात आणि 'डबल हार्केन' होतं. अरबीत ते झालं 'अल-मिंजल अल-मुज्दवज', दुहेरी विळा. गरगरत सुटणाऱ्या मुठीच्या नावात 'हलजूनिया' हा शब्द आला. हलजून म्हणजे गोगलगाय. तिच्या शंखासारखं पीळदार ते हलजूनिया. घरमालक म्हणाले, "शाळेत भूमितीच्या तासाला सर्पिल रेषा आली, तेव्हा शब्द मला आधीच येत होता."

इथे मला माझं लहानपण आठवलं. तुमच्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींना दूरदर्शनवरचा 'जायंट रोबोट' आठवत असेल. मनगटावरच्या घड्याळात बोलून हुकूम देणारा पोरगा आणि दगडी चेहऱ्याचा तो यंत्रमानव. तो पोरगा व्हायचं म्हणून मिरजेत आमच्या वाड्यातली सगळी पोरं बापाचं घड्याळ पळवायची. ती मालिकासुद्धा याच योकोयामांच्या १९६७ च्या मंगावर बेतलेली. तिच्यात अ‍ॅनिमेशन नव्हतं, माणसं खरी होती. अ‍ॅनिमेटेड 'जायंट रोबो' जपानात नव्वदीत आला, आपल्यापर्यंत नाही. शेवटच्या भागात यंत्रमानव शत्रूला घेऊन आकाशात जातो आणि स्वतः संपतो. आम्ही रडलो. पण काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही, कारण संवाद इंग्रजीत होते. एक दादा सगळ्यांना अंदाजाने अर्थ सांगायचा, आणि मला आता शंका आहे की निम्मं तो स्वतःच रचायचा.

नंतर १९९३ मध्ये 'जंगल बुक' आलं. तेही जपानीच. हिंदीत गुलजारांचं गाणं आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. मुरुडचा माणूस, वाघ झाला, पण हिंदीत. आपण खूश होतो, कारण आपल्याला हिंदी कळते. मला वाटतं आपलं दुखणं तेच आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे संख्या कमी पडली असं नाही. तमिळ, तेलुगू प्रेक्षक हिंदीवर भागवून घेत नाही, आपण घेतो. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर'चा चित्रपट भारतात जपानीसोबत इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. माझ्या मुलीने ती यादी वाचून दाखवली आणि विचारलं, "बाबा, मराठी का नाही?" मी सल्लागार आहे, स्लाइड काढून उत्तर देऊ शकलो असतो. दिलं नाही.

असंही नाही, की आपल्याकडे विज्ञानकथा नव्हती. नागाई ग्रेंडायझर काढत होते त्याच्या वर्षभर आधी, १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ते होते जयंत नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून लिहिलेले. भा. रा. भागवतांनी तर त्याआधीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. माझ्या पिढीने हे वाचलंय. पण मिरजेतल्या वाचनालयात बसून वाचलेलं पुस्तक वेगळं आणि मनामात मोबाइलवर बघणारं पोर वेगळं. तिच्या कानात जपानी आहे, डोळ्यांत इंग्रजी सबटायटल्स आहेत. मराठी तिला 'जेवायला ये' आणि 'आजीला फोन कर' एवढ्यापुरती लागते. पराक्रमाची, धोक्याची, निरोपाची मराठी तिने कुणाच्या तोंडून ऐकावी?

इथल्या लोकांनी ग्रेंडायझर सोडला नाही. २०२२ मध्ये रियाधला त्याचा ३३.७ मीटर उंच पुतळा उभा राहिला आणि गिनेसमध्ये नोंद झाली. गोष्टीतला ग्रेंडायझर ३० मीटरचा, म्हणजे आठवण मूळ आकाराहून जरा मोठीच झालेली. २०२४ मध्ये 'ग्रेंडायझर यू' ही नवी मालिका आली, त्यामागे सौदीची मंगा प्रॉडक्शन्स ही कंपनी. लहानपणी ज्यांनी बघितलं त्यांच्या पिढीने मोठेपणी पैसे घालून पुन्हा बनवून घेतलं. घरमालकांना नवी फारशी रुचली नाही. चित्रं गुळगुळीत आहेत म्हणाले.

त्यांना जुन्याचा शेवटचा भागही आवडत नाही. वेगाचा पराभव होतो, फ्लीड ग्रह पुन्हा जगण्याजोगा झालाय असं कळतं, आणि ड्यूक फ्लीड मारियाला घेऊन परत निघून जातो. ज्यांनी सांभाळलं, ती माणसं खाली उभी राहून बघतात. "गेलाच कशाला?" ते अजून रागावून विचारतात. आमच्या घरात हा भाग बघताना बायको म्हणाली, "जाणारच ना, घर आहे त्याचं." मुलगी म्हणाली, "पण तो राहतो इथे!" पुढची दहा मिनिटं आम्ही ग्रेंडायझरबद्दल बोलत होतो असं वरवर दिसत होतं. आमची इथली सोळा वर्षं, मिरजेतलं बंद घर, दोन वर्षांनी कॉलेजसाठी कुठे पाठवायचं, हे सगळं त्यात येऊन गेलं.

त्यानंतर आम्ही एक खेळ सुरू केलाय. शुक्रवारी संध्याकाळी जुना एखादा भाग लावायचा, आवाज बंद करायचा आणि पाच मिनिटं मराठीत आपणच बोलायचं. मुलगी दाइसुके, बायको मारिया, मी सगळे खलनायक. पहिल्या दिवशी फार फजिती झाली. 'अंतराळयान' म्हणता म्हणता यान निघून जायचं. 'शरण ये' हे तिला बोलायचं होतं, ती म्हणाली "सॉरी म्हण". वेगाचा सेनापती सॉरी म्हणून परत गेला.

मागच्या आठवड्यात मिरजेहून आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं. नात जोरात ओरडली, "दुहेरी विळा!" आई म्हणाली, "अगं, विळ्याने गवत कापतात. एवढं मोठं पातं आहे, कोयता म्हण." तेव्हापासून नईममध्ये ग्रेंडायझरच्या खांद्यांतून कोयते निघतात.