पाणंदीचा मुरूम आणि काळी चिकण माती : ऑफरोड सायकलिंगसाठी बूट कसे निवडावेत?

बीडहून परळीकडे निघालं की वाटेत वडवणी लागतं. इथला मुख्य रस्ता डांबरी आहे, पण तो सोडून शेताकडे वळलं की सगळं बदलतं. कुठे मुरूम, कुठे उघडा पडलेला काळा दगड, कुठे बैलगाडीच्या चाकोऱ्या, तर कुठे नुसती काळी माती. दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा आहेत आणि तेलगावहून धारूरला जाताना घाटही लागतो.

जगभर ज्याला ‘ग्रॅव्हल रायडिंग’ म्हणतात, त्याचा आपल्याकडचा अवतार म्हणजे पाणंद. राज्य सरकारने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना’ आणली ती याच वाटांसाठी. शेतकऱ्याची रोजची वाट असलेला हा रस्ता गिअरच्या सायकलवाल्यासाठी फुकटचा ट्रॅक आहे.

अडचण बुटांची होते. सायकल घेताना चौकशी केली जाते, हेल्मेटही घेतलं जातं, पण बूट फोटो बघून ऑनलाइन मागवले जातात. मग पायाला मुंग्या येतात, गुडघा दुखतो किंवा चिखलात पाय पेडलमधून सुटत नाही आणि माणूस सायकलसकट आडवा होतो. हे टाळायचं तर बूट घेताना नेमकं काय बघायचं?

सायकलचे बूट सगळे सारखे नसतात

सायकलच्या बुटांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक साध्या सपाट पेडलचे आणि दुसरे पेडलमध्ये अडकणारे. दुसऱ्या प्रकारात बुटाच्या तळाला ‘क्लीट’ नावाची पट्टी बसवतात. ती पेडलच्या स्प्रिंगमध्ये खट्कन अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते.

या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात. पाय क्लिपमध्ये अडकतो, तरी नाव क्लिपलेस कसं? पूर्वी पेडलवर पायाची बोटं घालायला पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला ‘टो क्लिप’ म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे क्लिपलेस. स्कीइंगचं सामान बनवणाऱ्या ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असं पेडल बाजारात आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो यांनी ते वापरून टूर दी फ्रान्स जिंकली.

पण ते पेडल डांबरी रस्त्यासाठी होतं. त्याची क्लीट मोठी असते, तीन स्क्रूंनी बसते आणि तळाच्या बाहेर येते. ती घालून चालणं म्हणजे टाचेवर तोल सांभाळणं. १९९० मध्ये शिमानोने एसपीडी ही पद्धत आणली. यातली क्लीट लहान, धातूची आणि दोन स्क्रूंची असते. ती तळाच्या खाचेत बसते आणि भोवती रबराचे खिळे असतात, त्यामुळे खाली उतरून चालता येतं.

म्हणून पहिला नियम सोपा आहे. कच्च्या रस्त्यासाठी दोन स्क्रूंचेच बूट घ्यावेत. ‘रोड शूज’ स्वस्तात मिळाले तरी पाणंदीवर ते निरुपयोगी आहेत.

सपाट पेडल की अडकणारं?

हा प्रश्न वेगाचा वाटतो, पण खरं बघायचं असतं ते म्हणजे सायकलवरून किती वेळा उतरावं लागणार आहे. ओढा आला, उतरा. काटेरी कुंपण आलं, उतरा. समोरून म्हशी आल्या तरी उतरा. जिथे दर अर्ध्या किलोमीटरला पाय टेकावा लागतो, तिथे नवख्या माणसाने सपाट पेडल वापरलेलं बरं.

सपाट पेडलसाठी बुटाचा तळ सपाट आणि रबर मऊ, चिकट हवं. ‘फाइव्ह टेन’ ही कंपनी याच रबरासाठी ओळखली जाते. ती मुळात कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांचे बूट बनवायची. पळण्याचे बूट मात्र इथे कमी पडतात. त्यांचा तळ फार मऊ असतो, तो पेडलवर वाकतो आणि तासाभरात चवडा दुखायला लागतो. चप्पल तर नकोच. पेडलच्या टोकदार पिनांवरून ती घसरली की नडगी सोलून निघते.

लांब पल्ला असेल, सलग दोन-तीन तास पेडल मारायचं असेल किंवा स्पर्धेची तयारी असेल, तर अडकणारं पेडल कामाचं. खडबडीत उतारावर पाय उडत नाही आणि चढावर पाय एकाच जागी राहून ताकद वाया जात नाही. शर्यतीत उतरणारे म्हणूनच तेच वापरतात. क्रॉस-कंट्री माउंटन बाइकिंग १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. महाराष्ट्रातून संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी या खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवलं आहे.

तळ किती कडक हवा?

दुकानदार सांगतो, ‘कार्बन सोल आहे, एकदम कडक.’ हे ऐकायला भारी वाटतं. पण तळ जितका कडक, तितकं चालणं अवघड. कार्बनचा तळ दगडावर घसरतो आणि उतरून सायकल ढकलताना टाच बुटातून वर येते.

पाणंदीसाठी मधला कडकपणा पुरतो, म्हणजे नायलॉनचा तळ आणि त्यावर रबर. बूट हातात धरून दोन्ही टोकांनी वाकवून बघावा. चवड्याच्या जागी थोडा वाकला आणि मध्यावर अजिबात वाकला नाही, तर बरोबर. कंपन्या कडकपणाचे आकडे छापतात, पण प्रत्येकीचं माप वेगळं असतं. त्यामुळे एका कंपनीचा ‘६’ दुसऱ्या कंपनीच्या ‘६’ शी जुळेलच असं नाही.

काळ्या मातीची खरी परीक्षा

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी चिकटते. पावसाळ्यात शेतातून दहा पावलं चाललं तरी पायाला किलोभर चिखल लागतो, हे वडवणीत कुणाला सांगायला नको. तोच चिखल क्लीटच्या खाचेत भरला की पाय पेडलमध्ये अडकत नाही आणि अडकला तर नीट सुटत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ ही प्रसिद्ध शर्यत होते. तिचं मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर आहे. २०२३ मध्ये तिथे इतका चिकट चिखल झाला की सुरुवातीच्याच टप्प्यात व्यावसायिक खेळाडूंनाही सायकली खांद्यावर घेऊन चालावं लागलं. अशा वेळी बुटात चालता येतं का, हाच प्रश्न उरतो.

यावर उपाय तीन. तळाचे रबरी खिळे मोठे आणि एकमेकांपासून लांब असावेत, म्हणजे चिखल अडकून न राहता गळून पडतो. पुढच्या टोकाला दोन स्पाइक बसवायची सोय असेल तर चढावर पकड मिळते. आणि खिशात एक काडी किंवा जुना चमचा ठेवावा, क्लीटची खाच साफ करायला.

माप घरीच घ्या

तालुक्याच्या गावी असे बूट घालून बघायला दुकान मिळणं अवघड. त्यामुळे ऑनलाइन मागवताना मापच सगळं ठरवतं. ‘मला आठ नंबर लागतो’ एवढ्यावर मागवू नये.

भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहावं आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करावी. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि मराठवाड्याच्या उन्हात जरा जास्तच. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा पाय धरावा. हे सेंटिमीटर कंपनीच्या तक्त्याशी जुळवावेत. उदाहरणार्थ, शिमानोच्या तक्त्यात ४२ नंबर म्हणजे २६.५ सेंटिमीटरचा पाय. दुसऱ्या कंपनीत तोच पाय वेगळ्या नंबरात बसू शकतो.

रुंदीही मोजावी. अनवाणी किंवा चपलेत वाढलेल्या पायाचा चवडा अनेकदा पसरट असतो आणि युरोपीय साचे अरुंद असतात. काही कंपन्या ‘वाइड’ साचाही देतात, तो शोधावा. बूट आल्यावर टाच घट्ट बसावी, पुढे बोटं मोकळी हलावीत. ‘वापरून सैल होतील’ या भरवशावर राहू नये, कडक तळ सैल होत नाही.

क्लीट चुकली की गुडघा बोलतो

क्लीट बहुतेक वेळा बुटासोबत नाही, तर पेडलसोबत येते. ती बसवताना अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुंध्याचं हाड चाचपावं आणि क्लीटचा मध्य या दोन हाडांच्या दरम्यान येऊ द्यावा. बोटांना मुंग्या येत असतील तर क्लीट थोडी टाचेकडे सरकवावी. चालताना ज्याचे पंजे बाहेर वळतात, त्याने ते जबरदस्तीने सरळ करू नयेत, क्लीटच तशी फिरवावी. नवीन बुटात गुडघा दुखला तर आधी क्लीट तपासावी आणि दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

शिमानोची एसएच-५१ क्लीट फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच-५६ वेगवेगळ्या दिशांना सुटते, म्हणून शिकणाऱ्याला ती सोपी. पेडलच्या स्प्रिंगचा ताणही सुरुवातीला सगळ्यात कमी ठेवावा. आधी भिंतीला धरून प्रत्येक पाय वीस-पंचवीस वेळा अडकवावा आणि सोडवावा, मग मोकळ्या मैदानात जावं. धारूर घाटासारख्या वाहतुकीच्या रस्त्यावर पहिला प्रयोग करू नये. तिथे पाय सुटला नाही तर पडणारा माणूस ट्रकच्या बाजूला पडतो.

काटा, ऊन आणि निगा

वेडी बाभूळ आणि सराटे दोन्ही इथे भरपूर. जाळीचे बूट उन्हाळ्यात हवेशीर, पण बाजूने काटा आत येतो. म्हणून पुढचं टोक आणि दोन्ही बाजू जाड असलेले, वरून मात्र जाळीचे बूट निवडावेत. नाडी असेल तर तिचं टोक आत खोचावं, नाहीतर ते चेनमध्ये जातं. वेल्क्रो चिखलाने भरला की पकड सोडतो. फिरवायची चकती सोयीची, पण आपटून तुटली तर सुटा भाग मागवावा लागतो. नाडी मात्र कुठल्याही गावात मिळते.

ओले बूट उन्हात ठेवू नयेत, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत. क्लीटचे स्क्रू महिन्यातून एकदा ॲलन कीने तपासावेत. एक स्क्रू पडला की क्लीट बुटाखाली नुसतीच फिरते आणि टाच कितीही वळवली तरी पाय सुटत नाही.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवावा : आधी पिनांचं रुंद सपाट पेडल, मग सपाट तळाचे चांगले बूट. अडकणारं पेडल आणि क्लीटचे बूट त्यानंतर, पाणंदीचा एक पावसाळा अनुभवून झाल्यावर.