अँटेनाचा कान

९ नोव्हेंबर १९९१, शनिवार. ऑक्सफर्डजवळच्या कलहॅममध्ये अंधार पडलाय. 'जेट' या अणुसंलयन यंत्राच्या नियंत्रण कक्षात तुम्ही कसेबसे भिंतीला टेकून उभे आहात. आज इंधनात ड्युटेरियमच्या जोडीला ट्रिटियम आहे.

जनरेटरच्या इमारतीत ७७५ टनांची दोन चाकं जात्यासारखी गरगरतायत. यंत्राला लागणाऱ्या विजेचा एवढा भार ग्रिडवर एकदम टाकता येत नाही, म्हणून बरीचशी ऊर्जा आधीच त्यांच्या फिरण्यात साठवून ठेवलीय.

उलटी गणती संपते. पडद्यावर प्लाझ्माच्या, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूच्या, फक्त कडा गुलाबी दिसतात, गाभा काळोखा. विझलेला नव्हे, इतका तापलेला की त्याचा उजेड क्ष-किरणांत गेलाय, डोळ्यांच्या आवाक्याबाहेर. संलयनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांचा आलेख चढतो. जेमतेम दोन सेकंद, शिखरावर १.७ मेगावॅट. टाळ्या पडतात.

तुम्ही मात्र कान द्या एका अँटेनाला. ती बसवली प्लाझ्माला रेडिओलहरींनी तापवण्यासाठी, पण इथे तिच्याकडून ऐकण्याचं काम घेतलंय. तिने टिपलेल्या गोंगाटाचा आलेख मांडला की फणीचे दात दिसतात: साधारण १७ मेगाहर्ट्झ, मग त्याची दुप्पट, तिप्पट.

हा आकडा ओळखीचा आहे. प्लाझ्माच्या बाहेरच्या कडेला अल्फा कण, म्हणजे संलयनातून जन्मलेलं हेलियमचं केंद्रक, चुंबकीय रेषेभोवती सेकंदाला तितक्याच, सुमारे १ कोटी ७० लाख, गिरक्या घेतो. गाभ्यात ३.५ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन जन्मलेले काही अल्फा लांबचा फेरा मारत या कडेपर्यंत येतात. इथे मंद कण थोडे, वेगवान जास्त. असा उलटा हिशोब निसर्ग फार वेळ चालू देत नाही: कण आपली ऊर्जा लहरीला देतात, लहर फुगते. हीच ती अस्थिरता.

प्लाझ्मावाल्यांना हा शब्द ऐकला की धडकी भरते. पण ही अस्थिरता उष्णता पळवत नाही, संलयनाची चुगली तेवढी करते. ट्रिटियम नसलेल्या प्रयोगांशी ताडून पाहिलं, तर न्यूट्रॉन ज्या प्रमाणात वाढले त्याच प्रमाणात आवाजही वाढलेला. एकपटीपासून थेट दहा लाख पटींपर्यंत.

उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे मात्र आग जितकी खरी, तितका खळखळाट मोठा.