तीन तासांचे लग्न आणि ४७० कोटी बाइट्स

डीव्हीडीवर किती चित्रण मावते, असे विचारले की ‘दोन तास’ हे ठरलेले उत्तर येते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. दोन तास हा एका विशिष्ट दर्जाचा हिशेब झाला. दर्जा वरखाली केला तर त्याच चकतीवर एक तासही बसतो आणि चारही. चकतीवर जागा ठरावीक आहे, चित्रणाचे सेकंद ठरावीक आहेत, तेव्हा खरा प्रश्न दर सेकंदाच्या वाट्याला किती बिट्स येतात हा आहे. हा भागाकार रूपांतराच्या आधी करायचा असतो. बहुतेक जण तो नंतर करतात, म्हणजे फाइल ‘बसत नाही’ असा संदेश पडद्यावर आल्यावर.

उदाहरणासाठी एक लग्न घेऊ. मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर टिपलेले, एडिटिंगनंतर पाऊण तासाच्या चार भागांत विभागलेले: हळद आणि सीमांतपूजन, मुख्य विधी, पंगती, स्वागतसमारंभ. एकूण तीन तास. डीव्ही चित्रण तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते, म्हणजे मूळ ऐवज ३९ जीबीच्या आसपास. यजमानांची मागणी एकच: सगळे एका डीव्हीडीत बसवा.

शूटिंगवाला प्रत्येक भाग प्रोग्रॅममधल्या ‘उत्तम दर्जा’च्या तयार मापाने, समजा सेकंदाला ८,००० किलोबिट्सने, रूपांतरित करतो. एकेक भाग पावणेतीन जीबीचा होतो आणि चारही भागांची बेरीज ११ जीबी. ३९ जीबीचे ११ झाले म्हणून त्याला वाटते, बरेच आटले. पण मूळ फाइल केवढी होती याचा इथे काहीच संबंध नाही. ७०० एमबीचा दोन तासांचा एव्हीआय सिनेमा डीव्हीडी-व्हिडिओत आणला की चार जीबी होतो, त्यामागेही हेच आहे. डीव्हीडीचे स्वरूप १९९६ सालचे; प्लेअरला एमपेग-२ कळते, नंतरच्या काटकसरी पद्धती बहुतेकांना कळत नाहीत. नव्या फाइलचा आकार सेकंद गुणिले बिटरेट एवढाच. शिवाय एव्हीआयमध्ये जो तपशील आधीच गेला, तो चार जीबी खर्चूनही परत येत नाही.

आता चकतीकडे. खोक्यावर छापलेले ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट्स. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तीच चकती तिथे ४.३८ जीबीची दिसते. कोणी फसवलेले नसते, मोजपट्ट्या दोन आहेत. त्यातही डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी प्लस-आर यांची धारणक्षमता तंतोतंत सारखी नाही. पहिलीत ४,७०,७३,१९,८०८ बाइट्स मावतात, दुसरीत ४,७०,०३,७२,९९२. सुमारे सात एमबीचा फरक. पहिलीसाठी काठोकाठ भरलेली इमेज, म्हणजे सगळ्या चकतीची एकच तयार फाइल, दुसरीवर राइट होत नाही, आणि गिऱ्हाईक दारात उभे असताना हे कळणे त्रासदायक असते.

कमी क्षमतेची चकती धरली तर बिट्स होतात ३,७६० कोटी. त्यातले पाच टक्के मी सुरुवातीलाच बाजूला काढतो. डीव्हीडीवरच्या व्हीओबी फाइलमध्ये चित्र आणि आवाज २,०४८ बाइट्सच्या पुडक्यांत एकत्र गुंफले जातात, त्या प्रत्येक पुडक्याच्या वेष्टनावर थोडी जागा खर्ची पडते. मेनूला जागा लागते. आणि चकतीचा शेवटचा काठ मोकळा ठेवणे शहाणपणाचे असते. लेखन आतून बाहेर जाते, आणि स्वस्तातल्या चकत्या बाहेरच्या कडेलाच दगा देतात. पाठवणीच्या वेळी चित्र अडकून पडते ते बहुधा याच कारणाने.

उरले ३,५७० कोटी बिट्स. आवाजाला १९२ किलोबिट्स दिले, तर दोन तासांच्या चित्रणात चित्राच्या वाट्याला सेकंदाला ४,७६० च्या आसपास किलोबिट्स येतात, अडीच तासांत ३,७७०, तीन तासांत ३,११०, चार तासांत जेमतेम २,२८०. चित्रण एक तासाचेच असेल तर हिशेब ९,७०० च्या वर जातो, पण तेवढे घेऊ नये. चित्रासाठी कमाल मर्यादा ९,८०० ची असली तरी घरी राइट केलेली चकती वाचताना जुने प्लेअर त्या वेगाला अडखळतात. ८,००० वर थांबावे आणि उरलेली जागा खुशाल रिकामी सोडावी. जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही.

आवाजाचे १९२ हे गृहीत धरण्याजोगे नसते, कारण पुष्कळ प्रोग्रॅम न विचारता पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, ठेवतात. त्याला सेकंदाला १,५३६ किलोबिट्स लागतात. दोन तासांत हा आवाज १.३८ जीबी गिळतो. तोच एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात, १९२ किलोबिट्सने, १७३ एमबीत बसतो. मंगल कार्यालयातल्या लाउडस्पीकरवरून कॅमेऱ्याच्या माइकमध्ये शिरलेल्या सनईसाठी चकतीचा चौथा हिस्सा देणे ही उधळपट्टी आहे. फाइल थोडक्यासाठी बसत नसेल तर आधी आवाजाचे स्वरूप तपासावे, चित्राला हात नंतर लावावा. कॅमेरा बारा-बिट आवाजावर ठेवलेला असेल तर नमुने सेकंदाला ३२,००० असतात. डीव्हीडी-व्हिडिओत ४८,००० लागतात. तो बदलही याच टप्प्यावर उरकावा.

आता चित्र. एमपेग-२ दर वेळी पूर्ण चित्र साठवत नाही. एक चित्र पूर्ण, त्यानंतरच्या चित्रांत आधीच्या किंवा पुढच्या चित्रावरून काय हलले आणि काय बदलले एवढेच. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत अशा गटात जास्तीत जास्त १५ चित्रे असतात. जिथे हालचाल अंदाजात बसणारी आहे तिथे ही युक्ती स्वस्त पडते. स्वागतसमारंभात वधूवर सिंहासनावर बसलेले, पाहुणे येतात, पाकीट देतात, फोटो काढून उतरतात. मागचा पडदा तासभर हलत नाही. एन्कोडरला, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, याहून सुखाचे काम नाही. मुहूर्ताची घटका मात्र त्याची कसोटी पाहते. अंतरपाट दूर होतो, चहूबाजूंनी अक्षता उडतात, आणि त्याच क्षणी पाच-सहा कॅमेऱ्यांचे फ्लॅश चमकतात. अक्षतांचा प्रत्येक दाणा स्वतंत्र दिशेने जातो, त्यामुळे ‘हा तुकडा तिकडे सरकला’ असे लिहून भागत नाही. फ्लॅशने तर अख्ख्या चौकटीचा उजेड एका चित्रापुरता बदलतो, मग आधीच्या चित्राचा आधार उरत नाही. बिट्स अपुरे पडले की एन्कोडर बारकावे ढोबळ करतो आणि पडद्यावर चौकोनी ठोकळे उमटतात. पुरते बिघडते ते नेमके ज्या मिनिटासाठी शूटिंग केले तेच.

म्हणून स्थिर बिटरेट इथे कामाचा नाही. दोन फेऱ्यांचा बदलता बिटरेट वापरावा: पहिल्या फेरीत एन्कोडर सगळे चित्रण तपासून कुठे किती अवघड आहे ते टिपतो, दुसरीत त्यानुसार वाटणी करतो, आणि सरासरी आपण सांगितलेलीच राहते. पण एक खोच आहे. चारही भाग वेगवेगळे रूपांतरित केले आणि प्रत्येकाला ३,११० ची सरासरी दिली, तर वाटणी त्या त्या भागापुरतीच होते. स्वागतसमारंभाचे वाचलेले बिट्स विधींना मिळत नाहीत. एक तर चारही भाग सलग जोडून एकच रूपांतर करावे, नाहीतर वाटणी हाताने करावी: विधींना ४,२००, हळदीला ३,३००, पंगतींना २,५५०, स्वागताला २,४००. चारही भागांची सरासरी तीच पडते, दिसण्यात मात्र मोठा फरक पडतो.

तीन तासांच्या पुढे गेले की वाटणीची हुशारीही संपते. तेव्हा चौकट लहान करावी. डीव्हीडीला ७२० × ५७६ प्रमाणेच ३५२ × ५७६ ही चौकटही मान्य आहे. तीत ठिपके निम्म्याहून कमी, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला बिट्स दुपटीने मिळतात. चित्र किंचित मऊ दिसते, पण ठोकळ्यांपेक्षा मऊपणा डोळ्याला कितीतरी सुसह्य. आणि मूळ चित्रण जुन्या व्हीएचएस कॅसेटवरचे असेल तर संकोचाचे कारणच नाही: व्हीएचएसमध्ये आडवा तपशील साधारण २४० रेषांचा, तो ३५२ ठिपक्यांत आरामात मावतो. कॅसेटमधला खरखराट आधी गाळून घ्यावा, एवढेच. खरखर म्हणजे न थांबणाऱ्या अक्षताच. एन्कोडर तिच्यावरही इमानेइतबारे बिट्स खर्च करतो.

ज्याचे रूपांतर होऊन बसले आहे आणि हातात ११ जीबीच्या फाइली आहेत, त्याने मूळ टेप किंवा डीव्ही फाइली असतील तर निमूटपणे पुन्हा रूपांतर करावे. त्या नसतील तर डीव्हीडी श्रिंकसारखे प्रोग्रॅम आहेत. ते हालचालींचा शोध नव्याने घेत नाहीत, तयार एमपेग-२ मधलेच आकडे ढोबळ करतात. म्हणून काम झटपट होते. मात्र एका चित्रात आलेली चूक पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत वाहत जाते. पाच-दहा टक्के आटवायचे असेल तर माझ्या मते ही वाट बिनधोक आहे. ११ चे साडेचार करायला ती वापरू नये. त्यापेक्षा प्रत्येक भागाची वेगळी चकती करावी. दुहेरी थराची ८.५ जीबीची चकतीही असते, पण ती महाग, आणि जुने प्लेअर तिला सर्रास नाकारतात.

तयार इमेज पेनड्राइव्हवरून न्यायची असेल तर फॅट-३२ मांडणीत ती जात नाही. तिथे एका फाइलची मर्यादा चार जीबीची आहे. चकतीचा व्हिडिओ-टीएस फोल्डर मात्र जातो, कारण व्हीओबी फाइली मुळातच एकेका जीबीत तोडलेल्या असतात.

राहिली अमेरिकेतल्या मावशीची प्रत. तिथले बहुतेक प्लेअर एनटीएससीचे, पॅल चकती त्यांना चालत नाही. एनटीएससीची चौकट ७२० × ४८० ची, पण सेकंदाला चित्रे २९.९७. गुणाकार केला तर सेकंदाला १ कोटी ३ लाख ५८ हजार ठिपके. पॅलचे १ कोटी ३ लाख ६८ हजार. म्हणजे बिट्सची वाटणी जशीच्या तशी वापरता येते. अडचण २५ चित्रांची ३० करण्यात आहे. पाचाला एक चित्र दुप्पट करून वेळ मारून नेली तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके खाते, आणि तो दोष बिटरेट कितीही वाढवला तरी जात नाही. हे रूपांतर मूळ डीव्हीवरूनच, प्रत्येक चित्रातली दोन क्षेत्रे, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे, सुटी करून, वेगळे करावे लागते. पॅल डीव्हीडीवरून नाही.