पंचायतींचा कौल आणि गुजरातचे वारे

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांकडे सुशिक्षित वर्ग काहीशा उपेक्षेनेच पाहतो. गटारे, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी यांपलीकडे त्यांत काय असणार, असा समज रूढ आहे. ग्रामपंचायतींना उत्तेजन देणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी कुटुंबांनी तरी तो बाळगू नये. राज्याचे वारे फिरू लागल्याची पहिली चाहूल गुजरातेत अनेकदा याच निवडणुकांतून लागलेली आहे.

१९८५ साली माधवसिंह सोळंकी यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने विधानसभेच्या १८२ पैकी १४९ जागा जिंकल्या; भारतीय जनता पक्षास अवघ्या ११ मिळाल्या. हे वर्चस्व अढळ भासत होते. मात्र त्याच वर्षीच्या आरक्षणविरोधी आंदोलनाने व दंगलींनी शहरी मध्यमवर्ग काँग्रेसपासून दुरावला आणि १९८७ मध्ये अहमदाबाद महानगरपालिका भाजपच्या हाती गेली. १९९० च्या विधानसभेत जनता दलास ७०, भाजपला ६७ व काँग्रेसला केवळ ३३ जागा मिळाल्या. १९९५ मध्ये १२१ जागा जिंकून भाजप स्वबळावर सत्तेवर आला.

२००० साली पारडे उलटे फिरले. भाजपने अहमदाबाद व राजकोट महानगरपालिका गमावल्या; २५ पैकी २३ जिल्हा पंचायतीही हातच्या गेल्या. पुढील वर्षी भूकंपग्रस्तांच्या पुनर्वसनाविषयी असंतोष वाढला, पोटनिवडणुकांतही पराभव झाला. ऑक्टोबर २००१ मध्ये केशुभाई पटेल यांच्या जागी नरेंद्र मोदी मुख्यमंत्री झाले. २००२ च्या भीषण दंगलींनंतर राज्याचे वातावरण पार पालटले आणि डिसेंबरमध्ये भाजपने १२७ जागा मिळविल्या. पंचायतींनी वर्तविलेले सत्तांतर घडलेच नाही.

२०१५ मध्ये पाटीदार आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर सहाही महानगरपालिका भाजपने राखल्या, तर बहुतेक जिल्हा पंचायती काँग्रेसकडे गेल्या. २०१७ च्या विधानसभेत भाजप ९९ वर उतरला, काँग्रेस ७७ पर्यंत चढली. सत्ता वाचली ती प्रामुख्याने शहरांमुळे. २०२१ मध्ये सुरतेत आम आदमी पक्षाने २७ जागा जिंकल्या. पुढील वर्षी विधानसभेत मात्र त्यास पाचच जागा लाभल्या, विरोधी मते विभागली गेली आणि भाजपने १५६ चा विक्रम केला.

यावरून आम्हांस इतकेच दिसते की, स्थानिक कौल ही नोटीस असते, निकाल नव्हे. १९८७ ची नोटीस काँग्रेसने मनावर घेतली नाही. २००० ची भाजपने घेतली. परंतु नोटीस बजावण्याचा अधिकार मतदाराचा आहे. प्रभागाच्या मतदानाला जो घरी बसतो, तो हा अधिकार आपण होऊन सोडतो. संख्येने थोड्या असलेल्या आपल्यासारख्या समाजाचे मत विधानसभेच्या विस्तीर्ण मतदारसंघात सहज विरून जाते. प्रभागात ते मोजावेच लागते.