कॉम्प्रेशन जाणे (कास्ट आयर्न बुलेट)

कॉम्प्रेशन जाणे : पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये कोंडलेली पेट्रोल-हवा पुरेशी दाबली न जाता कुठून तरी निसटणे, या दोषाचे गॅरेजमधले नाव. ‘दाब नाही’, ‘किक मऊ लागते’ हेही त्याचेच पर्याय. दोष कोणत्याही इंजिनात होतो. येथे विचार केला आहे तो जुन्या ३५० सीसी बुलेटचा, म्हणजे १९५५ पासून मद्रासला जुळणी सुरू झालेल्या आणि पुढे तेथेच पूर्णपणे घडवल्या गेलेल्या रॉयल एनफिल्डचा. तिचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. पुशरॉडने उघडणारे दोन व्हॉल्व्ह, ७० मिमी. बोअर, ९० मिमी. स्ट्रोक, ३४६ घनसेंमी. क्षमता. हे इंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर बंद झाले. तरी रस्त्यावर ते अजून भरपूर आहे, आणि त्यातली बरीच गरज नसताना उघडली गेलेली आहेत.

किती दाब हवा, यावरच गैरसमज सुरू होतात. या इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ६.५ : १ च्या आसपास. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. त्याला साडेसहाने गुणून वातावरणाचा दाब वजा केला, तर गेजवर सुमारे ८१ पौंड यायला हवेत. प्रत्यक्षात दाबताना हवा तापते म्हणून आकडा वाढतो. उलट, पिस्टन तळाहून वर निघाल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, म्हणून किकच्या मंद गतीत काही हवा आल्या वाटेने परत जाते आणि आकडा घटतो. त्यामुळे आजच्या मोटारीचे दीडशे-पावणेदोनशे पौंड मनात धरून शंभर पौंडांच्या बुलेटला आजारी ठरवणे चूक आहे. स्थळाचाही फरक पडतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवा मुंबईच्या साधारण ८५ टक्के दाबाची असते, म्हणून मुंबईत १०० दाखवणारे तेच निरोगी इंजिन तिथे ८५ दाखवेल. एका आकड्यापेक्षा त्याच गाडीची, त्याच गेजवरची जुनी नोंद अधिक कामाची. ती बहुतेकांकडे नसते, हा भाग वेगळा.

खुणा : पहिली खूण उजव्या पायाला कळते. चांगल्या बुलेटची किक दाबाच्या टप्प्यावर अडते. तिथे माणूस उभा राहिला तरी ती त्याला काही क्षण तोलून धरते आणि मग सावकाश खाली बसते. दाब गेलेल्या गाडीत पाय लोण्यात जावा तसा जातो. याशिवाय धक्का मारल्याशिवाय गाडी सुरू न होणे, घाटात तिसऱ्या गिअरवर दम सोडणे, आयडलिंगला मधूनच ठोका चुकणे, ब्रीदरच्या नळीतून तेलाचा फवारा आणि सायलेन्सरमधून निळा धूर या खुणा येतात. सगळ्या एकत्र येत नाहीत, आणि कोणती आली नाही हेही निदानाला उपयोगी असते.

एक सोंग मात्र आधी ओळखायला हवे. बुलेटची किक गिअरबॉक्समधून, क्लचमार्गे इंजिन फिरवते. क्लचप्लेटा घसरत असतील तर पाय सरळ खाली जातो, इंजिन जागचे हलत नाही, आणि मालक ‘दाब गेला’ म्हणून गाडी गॅरेजात आणतो. किल्ली लावून हेडलॅम्पशेजारच्या अँपिअर मीटरकडे पाहत किक हळू दाबावी. इंजिन फिरत असेल तर पॉइंट जुळताना-उघडताना काटा मधल्या रेषेवरून डावीकडे झुकून परत येतो. काटा मेल्यासारखा पडून राहिला आणि किक मात्र खाली गेली, तर हेडच्या बोल्टांना हात लावू नये, क्लच उघडावा.

उघडण्याआधी : दाब निसटायला वाटा मोजक्याच आहेत. व्हॉल्व्ह, रिंगा व ब्लॉक, हेड पॅकिंग, प्लगची चकती आणि डीकॉम्प्रेसर. पैकी काहींना इंजिन खोलावेच लागत नाही, आणि नेमके त्यांच्याकडेच शेवटी लक्ष जाते.

टॅपेटपासून सुरुवात करावी. ती तपासण्याचे झाकण उजव्या बाजूला, ब्लॉकच्या पायथ्याशी असते. इंजिन पूर्ण थंड हवे, रात्रभर उभे असलेले उत्तम. प्लग काढून पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इतकेच माप, फीलर गेज लागत नाही. रॉड बोटांनी फिरत नसेल तर टॅपेट घट्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीवर पुरता टेकतच नाही. दाब तर जातोच, शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता बैठकीला देता येत नाही आणि त्याची कड जळू लागते. टॅपेटचा आवाज नको म्हणून ती कसून घेणारे गिऱ्हाईक आणि त्याला नकार न देणारा मिस्त्री, या जोडीने बुलेटचे जितके व्हॉल्व्ह जाळले तितके भेसळीच्या पेट्रोलनेही जाळले नसतील. बारीक टकटक ही या इंजिनाची तब्येत ठीक असल्याची खूण समजावी.

डीकॉम्प्रेसर म्हणजे हेडमधला छोटा व्हॉल्व्ह, त्याची कळ डाव्या मुठीपाशी. किक मारण्याआधी पिस्टन दाबाच्या टोकापलीकडे अलगद नेण्यासाठी आणि इंजिन बंद करण्यासाठी तो असतो. केबलला ढील नसेल, किंवा व्हॉल्व्हच्या टोकाशी कार्बन अडकला असेल, तर तो सदैव किंचित उघडा राहतो. कळ न दाबताही किकबरोबर हेडपाशी ‘फिस्स’ ऐकू येत असेल, तर केबल मोकळी करून पुन्हा किक मारून पाहावी. आवाज गेला तर दुरुस्ती तिथेच संपली. न गेल्यास तो व्हॉल्व्ह काढून पेस्टने घासून बसवावा. काही जण ते भोक बोल्टने कायमचे बंद करतात. गाडी चालते, फक्त किकचा झटका गुडघ्याला सोसावा लागतो.

गेज व तेलाची चाचणी : इंजिन थोडे तापवून, किल्ली बंद ठेवून, प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावावा. थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा. मिककार्ब कार्ब्युरेटरची स्लाइड बंद राहिली तर आत हवाच येत नाही आणि धडधाकट इंजिनही नापास होते. काटा वाढायचा थांबेपर्यंत पाच-सहा जोरदार किका माराव्यात. आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून, तेल पसरेल अशा दोन-चार हलक्या किका देऊन, पुन्हा मोजावे. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरते. समजा ६० चा आकडा ९० वर गेला, तर दोष रिंगांत किंवा ब्लॉकमध्ये. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. तेल चमच्यापेक्षा जास्त ओतले तर ज्वलनकक्षाची जागाच कमी होते आणि आकडा खोटा चढतो.

यापेक्षा खात्रीची चाचणी पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर होते. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याच्या कवचात ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंगने बसवला की जोडणी तयार. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर, गाडी वरच्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक एकाने दाबून धरलेला. हे न करता हवा सोडल्यास पिस्टन उसळून किक फिरते आणि नडगी फुटते. हवा भरली की कान लावायचे. कार्ब्युरेटरमधून सुसकारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ब्रीदरच्या नळीतून आला तर रिंगा. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर साबणाचे पाणी फिरवल्यावर बुडबुडे फुलले तर पॅकिंग. ब्रीदरचा थोडा आवाज मात्र सोडून द्यावा. रिंगेच्या तोंडाशी फट ठेवलेलीच असते, तेवढी हवा नव्या इंजिनातूनही जाते.

हेडचे काम : दोष व्हॉल्व्हचा निघाला तर फक्त हेड उतरवावे, ब्लॉकला हात लावू नये. जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहताच कळतो, कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा खाल्लेला असतो. तो बदलायचा, घासत बसायचा नाही. नुसते डाग असतील तर घासणी पुरते. बैठकीवर पेस्टचे ठिपके द्यायचे, व्हॉल्व्हला चिकटवलेली काठी दोन तळव्यांत धरायची आणि रवी फिरवतात तशी मागेपुढे फिरवायची, मधून मधून उचलून जागा बदलायची. जाड पेस्ट डाग जाईपर्यंतच, शेवट बारीक पेस्टने. पुसल्यावर व्हॉल्व्ह आणि बैठक दोन्हींवर राखाडी, न तुटलेले वर्तुळ दिसले पाहिजे. घासून घासून व्हॉल्व्ह बैठकीत खोल गेला की फायद्यापेक्षा तोटा जास्त. खोल डागांना ४५ अंशांचा कटरच लागतो. त्याआधी गाइड पाहावे. व्हॉल्व्ह गाइडमध्ये डुगडुगत असेल तर बैठक कितीही घासा, तो दर वेळी वेगळ्या जागी टेकणार. गाइड बदलल्यावर बैठक नव्याने कापावी लागते, कारण दोन्हींचा मध्य एक राहिलेला नसतो.

परीक्षा रॉकेलची. स्प्रिंगा बसवून हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतायचे आणि ज्वलनकक्षाच्या बाजूने व्हॉल्व्हच्या कडेकडे पाहत बसायचे. काही मिनिटांत कड ओली झाली, तर पुन्हा पेस्ट.

ब्लॉकचे काम : दोष रिंगांचा ठरला तरी नुसत्या नव्या रिंगा घालून भागेल का, हे ब्लॉक मोजूनच ठरते. पिस्टनपिन गाडीला आडवी असल्याने झीज डावी-उजवीकडे कमी आणि पुढे-मागे जास्त होते. तीही सर्वांत वर, जिथे पहिली रिंग वळते तिथे. बोअर लंबगोल होतो आणि वरच्या टोकाला नखाला लागेल असा कंगोरा उभा राहतो. या ब्लॉकमध्ये गोल नव्या रिंगा घालणे म्हणजे पैसे आणि पॅकिंग दोन्ही फुकट. रिंग तपासायला ती एकटीच ब्लॉकमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवावी आणि तोंडातली फट फीलर गेजने मोजावी. दर २५ मिमी. बोअरला ०.१ मिमी. हा ढोबळ नियम, म्हणजे ७० मिमी.ला सुमारे ०.३. फट एक मिमी.वर गेली असेल तर पुढे चर्चा नको.

मग येते ते ‘हाफ इंजिन’ : क्रँकला हात न लावता ब्लॉक, पिस्टन आणि हेडचे काम. पिस्टन इंचाच्या हजारांश भागांनी मोठे मिळतात, २०, ४० आणि ६० चे. आधी पिस्टन विकत घ्यावा, मग तो ब्लॉकसोबत बोरिंगवाल्याकडे द्यावा. आकड्यावर विसंबून आधी बोअर करून ठेवणे धोक्याचे, कारण दोन पिस्टन एकाच मापाचे निघतील याची हमी नसते. ६० च्या पिस्टनवर इंजिन जवळपास ३६१ सीसीचे होते, त्यापुढे नवी स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक. बोरिंगनंतर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसल्या पाहिजेत, त्यांत तेल टिकते. आरशासारखा चकचकीत बोअर पाहून खूश होऊ नये.

होनिंगची धूळ पेट्रोलने निघत नाही, ती बिडाच्या छिद्रांत बसते. ब्लॉक गरम पाण्यात साबणाने, ब्रश घालून धुवावा, लगेच कोरडा करून तेल लावावे आणि पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके करडे निघते तोवर काम झालेले नाही. हा अर्धा तास वाचवलेली इंजिने काही हजार किलोमीटरांत परत येतात, आणि दोष पिस्टनच्या कंपनीवर जातो.

जोडताना रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. हेडचे बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने कसावेत. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर ते पुन्हा कसले की हेड किंचित खाली बसते, पुशरॉडची ढील कमी होते, आणि टॅपेट आपोआप घट्ट होतात. म्हणून बोल्ट कसल्यावर टॅपेट पुन्हा लावायचेच. पहिले ५०० किमी. ताशी ४०–५० च्या आत, पण एकसारख्या वेगाने नव्हे, कमी-जास्त करत. त्यानंतर तेल बदलावे. रिंगा बसायला वेळ लागतो, त्यामुळे गेजचा खरा आकडा हजारेक किलोमीटरांनंतरचा. तो गाडीच्या कागदांत लिहून ठेवावा.

उभी राहिलेली गाडी : कोकणात चार महिने पावसात उभ्या गाडीचा दाब न झिजताही जातो. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंज धरतो, रिंगा खाचेत चिकटतात. अशा गाडीला प्लगमधून तेल घालून रात्रभर ठेवावे, किकने मोकळी करावी, शंभरेक किलोमीटर चालवावी आणि मगच गेज लावावा. निम्म्या वेळा आकडा परत येतो. पावसाळ्याआधी गाडी ठेवताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून ठेवला तर दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि ओल आत शिरत नाही.

टू-स्ट्रोक गाड्यांत, म्हणजे म्हैसूरची येझ्दी किंवा यामाहा आरएक्स १००, टॅपेट-व्हॉल्व्हचा प्रश्नच नाही. तिथे कार्बनने जखडलेल्या रिंगा आणि घासलेला ब्लॉक पाहावा. गेज चांगला आकडा दाखवूनही गाडी ओढत नसेल, तर क्रँकचे ऑइल सील पाहावे. त्यातून होणारी गळती क्रँककेसमधली असते, ती प्लगच्या भोकातल्या गेजला दिसत नाही.