सेवेला विद्येची जोड

सेवा म्हटली की करुणा आठवते, विद्या नव्हे. मिशन प्रदेशांतील व्रतस्थ भगिनींना प्रसूतिसेवेची व त्यासाठी रीतसर शिक्षण घेण्याची मुभा रोमनेही १९३६ सालीच दिली. भारतात परिचर्येची पदवी १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे आली. मुंबईत एसएनडीटीचे लीलाबाई ठाकरसी महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. पदविका घेतलेल्या नोंदणीकृत परिचारिकेसाठी पुढे दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तरीही अंधेरी-बोरिवलीच्या आपल्या धर्मग्रामांत, वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केलेली एखादी भगिनी चाळिशीत पुन्हा पुस्तक उघडते तेव्हा, “आता कशाला?” असे आपणच विचारतो. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या हाताला शास्त्र उमगले, तर करुणा उणी होत नाही; ती डोळस होते.